वीस वर्षांचे व्रत : रिचर्ड अ‍ॅटनबरो

कलावंताची थोरवी त्याने किती भूमिका केल्या यावरून ठरवावी, की एका कामासाठी त्याने काय पणाला लावले यावरून? ब्रिटिश अभिनेते आणि दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा जीवनपट न्याहाळताना हा प्रश्न मनात उभा राहतो. त्यांचा ‘गांधी’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. परंतु तो पडद्यावर येण्यापूर्वीच्या वीस वर्षांची कथा फारशी कोणास ठाऊक नसते.

२९ ऑगस्ट १९२३ रोजी केंब्रिज येथे त्यांचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक हे पुढे लेस्टर येथील विद्यापीठीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. निसर्गविषयक माहितीपटांमुळे जगाला परिचित झालेले डेव्हिड हे रिचर्ड यांचे धाकटे बंधू. १९३९ साली नाझी जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू बहिणींना अ‍ॅटनबरो दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला आणि घरातील तिन्ही मुलांनी त्यांना सख्ख्या बहिणी मानले. परक्याचे दुःख आपले मानण्याचा पहिला धडा रिचर्ड यांना असा घरातच मिळाला.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिक्षण घेऊन १९४२ साली ते पडद्यावर आले. कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्या कथेवरील ‘ब्रायटन रॉक’ (१९४७) या चित्रपटात त्यांनी साकारलेला पिंकी हा नरकावर विश्वास असलेला, परंतु दयेला पारखा झालेला कोवळा गुन्हेगार आजही अंगावर काटा आणतो. १९५२ साली पत्नी शीला सिम यांच्यासह त्यांनी ‘द माउसट्रॅप’ या नाटकात भूमिका केली. मानधनाचा काही भाग म्हणून उभयतांनी नफ्यातील वाटा स्वीकारला. ते नाटक अनेक दशके चालत राहिले. तो वाटा म्हणजे जणू न आटणारी विहीरच होती.

१९६२ साली लंडनमध्ये राहणारे भारतीय अधिकारी मोतीलाल कोठारी यांनी त्यांना लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचावयास दिले आणि त्यावर चित्रपट काढण्याची गळ घातली. ते वाचून अ‍ॅटनबरो भारावून गेले. १९६३ साली त्यांनी पंडित नेहरूंची भेट घेतली. पण पुढच्याच वर्षी नेहरू निवर्तले. निर्मात्यांना या विषयात धंदा दिसेना. दरम्यान अ‍ॅटनबरो अभिनय करीत राहिले, १९६९पासून दिग्दर्शनही करू लागले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) ते जनरल औट्रम झाले. अखेरीस ‘गांधी’ तगून राहावा म्हणून ‘माउसट्रॅप’मधील उरलेला वाटाही त्यांनी विकून टाकला.

भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे साहाय्य लाभले आणि नोव्हेंबर १९८० मध्ये चित्रीकरण सुरू झाले. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी सुमारे तीन लाख लोक जमले. कस्तुरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली, तर वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. १९८३ साली या चित्रपटास एकूण आठ ऑस्कर लाभले. मात्र ज्या कोठारी, नेहरू आणि माउंटबॅटन यांना तो अर्पण केला आहे, त्यांपैकी एकही तो पाहण्यास हयात नव्हता.

त्यातील एक प्रसंग आपण विसरू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेत वाट अडविणाऱ्या टवाळ तरुणांसमोर गांधीजी आपल्यासोबतच्या चार्ल्स अँड्र्यूज या धर्मगुरूंना, दुसरा गाल पुढे करण्याच्या ख्रिस्तवचनाची आठवण देतात. ज्या वचनाला धर्मगुरू अलंकारिक समजतो, त्यातील धैर्य एक हिंदू वकील त्याला उलगडून दाखवतो!

तथापि चित्रपटाची उणीवही सांगितली पाहिजे. तीन तासांहून मोठ्या या कथेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोठेही नाहीत. कोणाचेही संपूर्ण जीवन एका कथनात मावत नाही, हे खरे. पण पुणे कराराची भूमी असलेल्या महाराष्ट्राला ही अनुपस्थिती खटकल्यावाचून राहत नाही.

पुढे ‘क्राय फ्रीडम’मधून (१९८७) त्यांनी वर्णद्वेषाविरुद्ध लढलेल्या स्टीव्ह बिको यांची कथा सांगितली. ‘शॅडोलँड्स’मध्ये (१९९३) सी. एस. लुईस यांचे पत्नीवियोगाचे दुःख चित्रित केले. वेदनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाला स्वतःच्या वेदनेपुढे शब्द सुचत नाहीत, हा त्या चित्रपटाचा गाभा. अकरा वर्षांनी, २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत थायलंडमध्ये अ‍ॅटनबरो यांची थोरली मुलगी, नात आणि मुलीची सासू मृत्युमुखी पडल्या. पडद्यावर रेखाटलेले दुःख त्यांच्याच उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. तरीही २००७ साली त्यांनी आणखी एक चित्रपट पूर्ण केला. तो त्यांचा दिग्दर्शक म्हणून अखेरचा ठरला.

२४ ऑगस्ट २०१४ रोजी, एक्याण्णवावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. साम्राज्य गाजविणाऱ्या देशाच्या या पुत्राने त्या साम्राज्याशी लढलेल्या महात्म्याची कथा सांगण्यासाठी आयुष्याची वीस वर्षे वेचली. आपल्या घरांतून हा चित्रपट मुलांना दाखविताना ही वीस वर्षेही त्यांना अवश्य सांगावीत.