परचुरे शास्त्रींची मालीश

मंडळी, वेदनेच्या इतिहासात अफूचं नाव येतं, क्लोरोफॉर्मचं येतं, अ‍ॅस्पिरिनचं येतं. हाताचं येत नाही. डोकं दुखलं की आजी कपाळ चेपायची, त्याला औषध कुणी म्हटलंच नाही. आज आपण या हाताचा विचार करू, आणि त्यासाठी १९३९ सालच्या सेवाग्रामला जाऊ.

दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा शास्त्रीही तिथेच होते, पण कुष्ठरोगामुळे वेगळे ठेवलेले. पुढे रोग बळावला आणि १९३९ साली ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळच त्यांची सोय केली, आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालीश केली. आपल्यापैकी कुणी सेवाग्रामला गेलात तर परचुरे कुटी आजही बघायला मिळते.

इथे जरा थांबायला हवं. शास्त्रं शिकलेला ब्राह्मण, पण अंगावर रोग दिसताच अस्पृश्य. आपल्या समाजाने स्पर्शाचे नियम जन्मावर बांधले होते, हे मराठवाड्यात आम्ही कुणाला सांगायला नको. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जो लढा झाला, तो पाण्याचा तसा स्पर्शाचाही होता. रोगाने आलेली अस्पृश्यता आणि जातीने लादलेली अस्पृश्यता एक नव्हे; शास्त्रींना आधी मान होता, इतरांना जन्मल्यापासून नव्हता. पण दोन्हींत शिक्षा तीच, की या माणसाला कुणी हात लावणार नाही.

आता वैद्यकाकडे येऊ. मालिशीने जंतू मरत नाही, हे उघड आहे. हॅन्सेनने तो १८७३ साली नॉर्वेत शोधला होता, पण गुणकारी गोळ्या अजून यायच्या होत्या. तोवर सगळी भिस्त चौलमोगऱ्याच्या तेलावर. तेल-पाण्याचा उपयोग मात्र खरा होता. या रोगात घाम आणणाऱ्या नसा निकामी होतात, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात आणि तिथे जखम चिघळते. हातपाय पाण्यात भिजवा, मग तेल लावा, असं रुग्णांना आजही सांगतात.

आणि वेदनेचं काय? योगायोग बघा, त्याच १९३९ साली स्वीडनचे झॉटरमन मांजरांच्या बारीक नसांवर लिहीत होते. हलक्या स्पर्शालाही दाद देणाऱ्या या नसा माणसातही असल्याचं दिसायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. त्या सावकाश चालतात, सेकंदाला साधारण एक मीटर. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हात फिरला की त्या सर्वांत जास्त जाग्या होतात, म्हणजे आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते तसा. मधल्या काळात, १९६५ साली, मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि स्पर्शाचा संदेश तिथे वेदनेची वाट अडवू शकतो. लागलेला गुडघा आपण चोळतो, तो उगाच नव्हे.

पण मंडळी, खरी अडचण पुढे आहे. कुष्ठरोगात बारीक नसाच आधी जातात. बधिर चट्ट्यावर फिरणारा हात शास्त्रींना कळत तरी होता का? सगळं अंग बधिर नसतं, हे एक उत्तर. दुसरं उत्तर आम्हांला अधिक महत्त्वाचं वाटतं. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन यांनी सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूची चित्रं घेतली. विजेचा झटका बसेल अशी सूचना दिली, आणि कधी नवऱ्याने, कधी परक्याने हात धरला, कधी कुणीच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती, आणि संसार जितका समाधानाचा तितकी आणखी कमी. हात कुणाचा आहे, हे मेंदू हिशोबात धरतो. त्वचा बधिर असली तरी हे कळायला डोळे आणि मन होतंच.

जाता जाता एक सांगायला हवं. गांधीजींच्या आधी तीन वर्षं, १९३६ साली, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांचं काम सुरू केलं होतं. शास्त्रींची सेवा करणाऱ्या गांधीजींचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. दिवाणांचा चेहरा आज इथे किती जणांना ओळखता येईल?