एकाच यादीतली घोरपड

नल्लकुंटा म्हटलं की हैदराबादकरांना कोरंटी दवाखाना आठवतो, साथीच्या तापांचं सरकारी रुग्णालय. घटसर्प झालेलं मूल तिथे काही दिवसांतच आणावं लागतं. गरोदरपणातल्या दारूने गर्भाच्या मेंदूला झालेली इजा मात्र बरेचदा शाळेत गेल्यावर जाणवते. तोवर आईच्या पिण्याची नोंद कुठे राहिलेली असते? मग जुने कागदच चाळायचे.

सगळ्यांत जुना आपल्याकडचाच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, रोज मद्य घेणाऱ्या गर्भिणीचं मूल सतत तहानलेलं, विसराळू आणि चंचल निपजतं, असं म्हटलंय. हे वाचून छाती फुगते. पण घोरपडीचं मांस खाणारीच्या मुलाला मुतखडा होतो, हेही त्याच यादीत आहे! एक वाक्य मिरवून दुसरं झाकता येत नाही. संबंध जोडला गेला होता, एवढंच यातून दिसतं. तो पारखला गेला होता असं नव्हे. १७२६ साली लंडनच्या वैद्यांनी जिनविरुद्ध पार्लमेंटला दिलेल्या निवेदनाचंही तेच. दुबळी, आजारी मुलं होतात असं ते सांगतं, पडताळा देत नाही.

पडताळा मिळतो १८९९ मध्ये. लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सुलिव्हन यांनी २१ मद्यपी आया आणि त्यांच्याच नात्यातल्या २८ न पिणाऱ्या बायका यांची तुलना केली. पहिल्या गटातली निम्म्याहून अधिक मुलं मृत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली, दुसऱ्या गटातली पाव हिश्श्याहून थोडी कमी. गरोदरपणी कैदेत पडून दारू सुटलेल्या काही जणींना धडधाकट मुलं झाली, ही त्यांची नोंद मला आकड्यांहून मोलाची वाटते. घराण्याच्या रक्तातच दोष, हे तेव्हाचं लाडकं उत्तर तिच्यापुढे लंगडं पडतं.

तरी १९६८ साली फ्रान्सच्या नांत शहरात पॉल लमवान यांनी अशा १२७ मुलांचं वर्णन छापलं, तेव्हा फ्रान्सबाहेर फारसं कुणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या विकाराला नाव दिलं.

आता तेलंगणाचा कागद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२०) इथल्या १५ वर्षांवरच्या ६.७ टक्के स्त्रिया दारू घेतात असं नोंदलंय. देशाचा आकडा १.३. त्याच गोषवाऱ्यात मुलांची उंची, वजन, रक्तक्षय सारं आहे. गरोदरपणी किती जणी पितात, हा रकाना नाही. २०१९ पासून बाटलीवर इशारा सक्तीचा झाला: आरोग्याला घातक, पिऊन गाडी चालवू नका. अमेरिकेत १९८९ पासून छापला जाणारा गरोदर बाईचा उल्लेख त्यात आलाच नाही.