८७० मेंढ्या आणि एक बाई

पन्नाशी उलटलेली बाई नावं विसरायला लागली, बोलणं-चालणं मंदावलं, अंग जड झालं, की घरोघरी एकच निदान ठरलेलं असतं: "वय झालं आता!" पाळी गेली, हार्मोन्स बदलले, व्हायचंच असं. हे निदान द्यायला डॉक्टर असावं लागत नाही. आणि ते दर वेळी चुकीचं असतं असंही नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांकडेही याहून वेगळं उत्तर नव्हतं. ते उत्तर कसं सापडलं याची गोष्ट मला तरी एखाद्या जुन्या, किचकट बगच्या शोधासारखी वाटते.

पहिला बग रिपोर्ट १८७३ सालचा. लिहिणारे सर विल्यम गल, लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले बडे डॉक्टर. (जॅक द रिपरवरच्या सिनेमांमुळे नाव ओळखीचं वाटत असेल तर हो, तेच. त्या थिअरीला काही पुरावा नाही, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) गलसाहेबांनी क्लिनिकल सोसायटीपुढे काही बायकांच्या केसेस मांडल्या. त्यातल्या पहिल्या बाईची सुरुवातच अशी की पाळी थांबली आणि त्यानंतर ती हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, मंद होत गेली. अंग वाढलं, चेहरा उगवत्या पूर्ण चंद्रासारखा गोल झाला, जीभ जाड झाल्यासारखे शब्द उमटायला लागले. आणि मन? पूर्वी चौकस असलेल्या बाईला आता कशातच रस उरला नव्हता. बुद्धी मात्र शाबूत आहे, असं गलने आवर्जून नोंदवलं. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. बाई वेडी झालेली नाही, मठ्ठही नाही, फक्त तिचा वेग कमी झालाय. प्रोसेसर ठीक, क्लॉक स्पीड पडलाय म्हणा ना.

गलला हे सगळं क्रेटिनिझमसारखं दिसलं, म्हणजे आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत वाढ खुंटलेली जी मुलं दिसायची त्यांच्यासारखं. पण कारण त्याला सांगता आलं नाही. पुढे विल्यम ऑर्डने अशा एका बाईचं शवविच्छेदन केलं, कातडीखाली चिकट पदार्थ साठलेला पाहिला आणि १८७८ साली आजाराला नाव दिलं: मिक्सिडीमा. त्या बाईची थायरॉइड ग्रंथी सुकून गेलेली होती हेही त्याने पाहिलं. पण तेच मूळ आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसरा रिपोर्ट आला स्वित्झर्लंडमधून. बर्नचा सर्जन थिओडोर कोखर गलगंडाच्या ऑपरेशनांसाठी प्रसिद्ध होता. हात इतका सफाईदार की तो थायरॉइड पुरताच काढून टाकायचा. १८७४ साली त्याने ऑपरेशन केलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीबद्दल तिच्या डॉक्टरने नंतर कळवलं की ती पार बदलून गेलीये. कोखरने मग जुन्या रुग्णांना परत बोलावलं. पूर्ण ग्रंथी काढलेले जे १८ जण त्याला तपासायला मिळाले, त्यातल्या १६ जणांची अवस्था तशीच: सुजलेले, थंड पडलेले, मंद. १८८३ साली त्याने हे सर्जनांच्या परिषदेत जाहीरपणे सांगितलं. स्वतःच्या हातून झालेलं नुकसान भर सभेत सांगायला काय लागत असेल, कल्पना करा. थायरॉइडवरच्या कामासाठी त्याला १९०९ चं नोबेल मिळालं.

तिसरा माणूस फेलिक्स सेमन, जर्मनीतून लंडनला आलेला घशाचा डॉक्टर. त्याच वर्षी, १८८३ मध्ये, तो क्लिनिकल सोसायटीत म्हणाला की क्रेटिनिझम, मिक्सिडीमा आणि कोखरचे रुग्ण हे तीन आजार नाहीतच, तिन्हींत थायरॉइडचं काम बंद पडलंय. म्हणजे तिन्ही तिकिटं डुप्लिकेट! लोक हसले म्हणे. पण सोसायटीने समिती नेमली, आणि व्हिक्टर हॉर्स्लीने माकडांच्या थायरॉइड ग्रंथी काढून तोच आजार त्यांच्यात निर्माण करून दाखवला. बग रिप्रोड्यूस झाला की अर्धं काम झालं, हे आमच्या धंद्यातलं सत्य तिथेही लागू पडलं. १८८८ मध्ये समितीचा अहवाल आला. १०९ रुग्ण अभ्यासलेले, बहुतेक बायका. जवळजवळ निम्म्या रुग्णांत, विशेषतः आजार वाढल्यावर, भ्रम किंवा भास होते. निष्कर्ष: सेमन बरोबर होता.

आता मूळ कळलं, पण उपाय? १८९१ साली न्यूकॅसलमधला जॉर्ज मरे नावाचा पंचविशीतला डॉक्टर, हॉर्स्लीचाच विद्यार्थी, म्हणाला की जे कमी पडतंय ते बाहेरून देऊन बघू. स्थानिक डॉक्टरांच्या बैठकीत त्याची थट्टा झाली. मरेने कत्तलखान्यातून मेंढीची ताजी ग्रंथी आणली, तुकडे करून ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडच्या पाण्यात ठेवली आणि चक्क रुमालातून पिळून अर्क काढला. तो आठवड्यातून दोनदा इंजेक्शनने दिला, ४६ वर्षांच्या एका बाईला. चारचौघांत जायला नको म्हणणारी, प्रत्येक उत्तराला वेळ लावणारी ही बाई तीन महिन्यांत भराभर बोलायला लागली, स्मरणशक्ती सुधारली, घरकाम करू लागली. पुढच्याच वर्षी दोन डॉक्टरांनी दाखवलं की ग्रंथी नुसती खायला दिली तरी चालते. मरेची ती रुग्ण १९१९ पर्यंत जगली, ७४ वर्षांची होऊन गेली. त्या २८ वर्षांत तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, हा हिशोबही मरेने १९२० मध्ये छापलाय!

१९२७ पर्यंत थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनायला लागलं :-)

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९४९ साली लंडनच्या रिचर्ड ॲशरला १४ रुग्णांबद्दल लिहावं लागलं, ज्यांच्याकडे मानसिक रोगी म्हणून पाहिलं जात होतं आणि ज्यांचं खरं दुखणं मिक्सिडीमा होतं. थायरॉइड दिल्यावर त्यातले नऊ पूर्ण बरे झाले. (हा ॲशर म्हणजे ज्याच्या घरी पुढे बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी राहायला होता, तोच.) उपाय सापडून जवळजवळ साठ वर्षं झाली होती. अडलं होतं ते संशय घेण्यावर.

संशय येत नाही, त्याचं कारण उघड आहे. ग्रंथी निकामी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराने स्वतःच तिच्यावर केलेला हल्ला. तो प्रथम वर्णन केला जपानच्या हाशिमोतोने, १९१२ साली. त्याच्या चारही रुग्ण चाळिशीपुढच्या बायका होत्या. म्हणजे हा आजार नेमका पाळी जाण्याच्या आसपासच्या वयात गाठतो. थकवा, विसराळूपणा, वाढतं वजन, कोरडी त्वचा, उदासी.. दोन्हीकडची यादी जवळपास सारखीच. फरक शोधायचा तर पाळी जाताना अंगातून गरम वाफा येतात आणि थायरॉइड कमी पडला की उलट थंडी वाजते. पण आधीच 'वय झालं' म्हणून बसलेल्या घरात हे विचारतो कोण?

आता टीएसएचची साधी रक्ततपासणी आहे, त्यामुळे तो प्रश्न बराचसा सुटला. पण दुसरा उभा राहिला. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. मग रिपोर्टमध्ये आकडा जरा वर दिसला की सगळ्या विसरण्याचं खापर त्यावर. २०१७ साली युरोपातल्या ट्रस्ट नावाच्या चाचणीत पासष्टीपुढचे ७३७ लोक घेतले होते (सहभागी गावांत कोखरचं बर्नही होतं), टीएसएच वाढलेला पण थायरॉक्सिन नॉर्मल असलेले. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी. वर्षभराने थकव्यात फरक नाही, विचार करण्याच्या वेगातही नाही. आणि गोळी जास्त झाली तर पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ते वेगळंच.

म्हणजे ग्रंथी खरंच बंद पडलेली असेल तर गोळी माणूस परत आणते, आणि आकडा नुसता किंचित हललेला असेल तर बहुधा काहीच करत नाही. चांगला डॉक्टर हा फरक तपासणी पुन्हा करून बघतो.

घरातलं कोणी मंदावल्यासारखं वाटलं तर "वय झालं" म्हणण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तर तेही कळलेलं बरं, मग कारण दुसरीकडे शोधता येतं. आणि चालू असलेली गोळी मात्र हा लेख वाचून परस्पर बंद करू नका, प्लीज.