कार्थेजपासून नेफझावापर्यंत : एका लुप्त ख्रिस्तसभेच्या वाटेवर

ट्युनिस शहरातील हबीब बुर्गिबा मार्गावर फ्रेंच अमलात बांधलेले संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाचे कॅथीड्रल आहे, आणि त्याच्यापुढील चौकात इतिहासकार इब्न खल्दून यांचा ग्रंथ हाती धरलेला पुतळा आहे. आमचा ट्युनिशियाचा प्रवास याच चौकातून सुरू झाला. वाटाड्याने कॅथीड्रलविषयी दोन वाक्ये सांगितली, पुतळ्याविषयी चार, आणि आम्हा वीसेक प्रवाशांना बसकडे नेले.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवताना उत्तर आफ्रिकेचा अध्याय आला, की आम्ही विद्यार्थ्यांपुढे एक ठरलेला प्रश्न व त्याचे ठरलेले उत्तर ठेवत आलो आहोत. ज्या ख्रिस्तसभेने लॅटिन ईशज्ञानाला त्याची भाषा दिली, ती समूळ नाहीशी झाली. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्तसभा मात्र तशाच राजवटींखाली आजतागायत टिकून आहे. असे का व्हावे? आमचे उत्तर असे, की कॉप्टिक लोकांनी पवित्र शास्त्र स्वभाषेत आणले. आफ्रिकेच्या ख्रिस्तसभेने ते ना प्युनिक भाषेत आणले, ना बर्बर भाषेत. ती लॅटिन, शहरी आणि परकीच राहिली. याच ठिकाणी आम्ही फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाचा दाखला देत असू आणि वर्ग प्रसन्न होत असे. उत्तर सुटसुटीत होते, शिवाय आपल्या मराठी मनाला सुखावणारेही होते. या प्रवासात ते आमच्या हातून निसटले, त्याचीच ही हकीकत.

कार्थेज ट्युनिसला लागूनच आहे. बिर्सा टेकडीवरून समुद्र पाहून झाल्यावर आम्ही रोमन रंगभूमीच्या अवशेषांकडे वळलो. पाहण्यासारखे तेथे फार उरलेले नाही. पुढे एल-जेम येथे याहून कितीतरी भव्य रंगभूमी उभी असल्याने येथे वेळ घालवू नये, असा वाटाड्याचा सल्ला होता. तरीही आम्ही थोडे मागे रेंगाळलो. इ.स. २०३ च्या ७ मार्च रोजी पर्पेतुआ व फेलिसितास यांना कार्थेजमध्ये श्वापदांपुढे सोडण्यात आले. पर्पेतुआ बावीस वर्षांची, अंगावर पिणाऱ्या मुलाची आई; फेलिसितास दासी, अटकेच्या वेळी गरोदर, तुरुंगातच प्रसूत झालेली. पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली रोजनिशी आपल्यापर्यंत आली आहे आणि ख्रिस्ती स्त्रीच्या हातच्या अतिप्राचीन लेखनात तिची गणना होते.

त्या वृत्तांतातील एका व्यक्तीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे सातुरुस. हे सर्वजण दीक्षार्थी होते आणि त्यांना श्रद्धेचे शिक्षण दिले ते सातुरुसने. आजच्या शब्दांत, तो त्यांचा धर्मशिक्षक. शिपाई आले तेव्हा तो तेथे नव्हता, म्हणून सुटला. आपले विद्यार्थी पकडले गेल्याचे कळताच तो आपण होऊन स्वाधीन झाला व त्यांच्याबरोबर मेला. बिशपांच्या ग्रंथांवर आम्ही तासन्‌तास बोलतो. सातुरुससाठी आमच्या टिपणवहीत आजवर एक ओळ होती.

भाषेचा प्रश्नही कार्थेजमध्येच सुरू होतो. याच शहरात इ.स. १८० मध्ये सिल्ली नावाच्या गावच्या बारा ख्रिस्ती जनांना मृत्युदंड झाला. त्यांच्या चौकशीत पेटीत काय आहे असे विचारले असता, ग्रंथ आणि पौलाची पत्रे, असे उत्तर मिळाल्याची नोंद आहे. रोममधील ख्रिस्तसभा अद्याप प्रामुख्याने ग्रीक भाषेत लिहीत होती, तेव्हाची ही गोष्ट. ही लहान गावची माणसे ती पत्रे बहुधा लॅटिनमध्येच वाचत असावीत. म्हणजे लॅटिन ही येथे धर्मपीठावरून लादलेली भाषा नव्हती. रोमच्याही आधी आफ्रिकेने ती श्रद्धेच्या कामाला जुंपली. ‘त्रिनितास’ हा शब्द परमेश्वराविषयी योजणारा आपल्याला ज्ञात असलेला पहिला लॅटिन लेखक तर्तुल्यान, तो याच शहराचा.

प्युनिक भाषेकडे दुर्लक्ष झाले, हा आमच्या उत्तराचा दुसरा भाग. संत अगस्तीन यांचे हिप्पो आज अल्जीरियात असल्याने आमच्या वाटेवर नव्हते. परंतु त्यांच्या पत्रांतील फुस्साला गावचे प्रकरण बसमध्ये वारंवार मनात येत राहिले. हा भाग पूर्वी दोनातिस्त पंथाच्या प्रभावाखाली होता. तेथे नवा बिशप नेमताना अगस्तीन यांनी प्युनिक भाषा येणारा धर्मगुरू हेतुपुरस्सर शोधला. अभिषेकासाठी वृद्ध ज्येष्ठ बिशप दुरून येऊन थांबले होते आणि ऐनवेळी त्या धर्मगुरूने नकार दिला. पाहुण्यांना रिकाम्या हाती कसे पाठवावे, या संकोचापायी अगस्तीन यांनी आपल्याच मठात वाढलेल्या अंतोनिनुस नावाच्या तरुण वाचकाला पुढे केले. या नव्या बिशपाने लोकांना लुबाडले. इ.स. ४२२-२३ च्या सुमारास अगस्तीन यांनी पोप सेलेस्तीन यांना लिहिले, की हे निस्तरले नाही तर आपण पदत्यागाचाच विचार करू. १९८१ मध्ये प्रथमच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांपैकी एकात या प्रकरणाचा अधिक तपशील आहे. तेव्हा भाषेची जाण त्यांना नव्हती, असे म्हणवत नाही. भाषा जाणणारा माणूस त्यांनी शोधला होता. हुकला तो माणूस.

एल-जेमची भव्यता वादातीत आहे. आम्ही ती पाहिली, छायाचित्रे काढली आणि पुढे निघालो.

कैरुआन येथे मात्र आमचा अर्धा दिवस गेला. अरब सेनानी उक्बा इब्न नाफी यांनी इ.स. ६७० मध्ये वसवलेले हे शहर. नवव्या शतकात आजचे रूप पावलेल्या तेथील महामशिदीत शेकडो खांब आहेत आणि त्यांतले बहुतेक रोमन व बायझंटाईन इमारतींतून आणलेले. एकाची शिरोपट्टी दुसऱ्याशी जुळत नाही, तरी छत मात्र समतल आहे. अंगणात उभे राहून आमच्या सोबत्यांपैकी एकाने, येथेच आपल्या ख्रिस्तसभेचा अंत झाला, असे खेदाने म्हटले. आम्हीही क्षणभर मान डोलावली. पण ते खरे नव्हे. ६९८ मध्ये कार्थेज कायमचे पडले, हे खरे. परंतु याच कैरुआनात अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ख्रिस्ती कबरींवरील लॅटिन लेख सापडले आहेत. ख्रिस्ती सनाबरोबरच त्यांत ‘अश्रद्धांचे वर्ष’ म्हणून हिजरी सनही दिलेला आढळतो. कार्थेज पडल्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, मुस्लिम सत्तेच्या या प्रमुख नगरात, ख्रिस्ती माणसे आपले मृत लॅटिन अक्षरांखाली पुरत होती आणि शेजाऱ्यांच्या कालगणनेनेही दिवस मोजत होती.

मग ही ख्रिस्तसभा गेली कशाने? याच अकराव्या शतकातील पोपांच्या पत्रांत काही उत्तर सापडते. १०५३ मध्ये पोप लिओ नववे खेद व्यक्त करतात, की जेथे एकेकाळी शेकडो बिशप परिषदेला जमत, तेथे आता जेमतेम पाच उरले आहेत. आणि हे पत्र लिहिण्याचे निमित्त काय, तर त्या पाचांतच अग्रमान कोणाचा यावरून लागलेला तंटा! ४११ साली कार्थेजच्या परिषदेत कॅथलिक आणि दोनातिस्त मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले होते, भांडण्यासाठीच. संख्या शंभर पटींनी घटली तरी सवय गेली नव्हती. १०७३ मध्ये पोप ग्रेगरी सातवे कार्थेजच्या लोकांची कानउघाडणी करतात. कारण नियमबाह्य अभिषेक करण्यास नकार देणाऱ्या आपल्या बिशपाविरुद्ध, सिरियाकुसविरुद्ध, त्यांनी अमीराकडे तक्रार केली होती. तीनच वर्षांनी, नव्या बिशपाच्या अभिषेकासाठी निकियाच्या परिषदेने ठरवलेले तीन बिशपही त्या साऱ्या प्रदेशात मिळेनासे झाले. हिप्पोसाठी निवडलेल्या सेर्वान्दुसचा अभिषेक रोममध्ये करावा लागला, आणि तोही अमीर अन-नासिर यांच्या विनंतीवरून. त्या अमीराला ग्रेगरी यांनी पाठवलेल्या पत्राचा संदर्भ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राच्या तळटीपेत आहे. मुसलमान राजा बिशप मागतो आणि ख्रिस्ती लोक आपल्या बिशपाची चुगली करतात, असा हा विपरीत काळ.

तलवारीचा वाटा आम्ही नाकारीत नाही. ११५९ मध्ये अल्मोहाद सेना ट्युनिसमध्ये शिरल्या तेव्हा ख्रिस्ती व यहुदी रहिवाशांपुढे इस्लाम किंवा मृत्यू एवढाच पर्याय ठेवण्यात आला. परंतु तो घाव बसला तेव्हा झाड आतून बरेच पोकळ झालेले होते, असे आमचे मत बनले आहे.

कैरुआननंतर हिरवळ विरळ होत जाते. गफ्सा येथे बस चहापुरती थांबली. बाराव्या शतकातील भूगोलकार अल-इद्रिसी यांनी या गावाविषयी लिहून ठेवले आहे, की येथील बहुतेक लोक आफ्रिकी लॅटिन बोली बोलतात. सेमिनरीतील आमच्या उत्तराला शेवटचा धक्का येथे बसला. जी भाषा आम्ही परकी व शहरी म्हणत होतो, ती वाळवंटाच्या उंबरठ्यावर, अरबी सत्ता स्थिरावल्यानंतर साडेचारशे वर्षांनीही, बाजारात ऐकू येत होती. भाषा उरली होती. तीत वेदीवरून बोलणारे उरले नव्हते.

तोझर सोडल्यावर शोत्त अल-जरीद या मिठाच्या विस्तीर्ण पात्रातून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पांढरे मीठ, मधूनच गुलाबी पाण्याचे चर आणि क्षितिजावर नसलेल्या झाडांचा भास. पलीकडचा किनारा म्हणजे नेफझावा : केबिली, दूझ आणि खजुरांची खेडी. येथेच इब्न खल्दून पुन्हा भेटतात. बर्बर लोकांच्या इतिहासात त्यांनी नोंदवले आहे, की या भागातील खेड्यांत अरबविजयाच्या काळापासून ख्रिस्ती लोक राहत आले असून ते आपल्या काळातही, म्हणजे चौदाव्या शतकात, तेथे आहेत. सातशे वर्षे! कार्थेजच्या महामंदिरांनी जे केले नाही, ते खजुराच्या बागेतल्या काही घरांनी केले. त्यांच्या मुलांना प्रार्थना कोण शिकवीत असेल? आम्हाला पुन्हा सातुरुस आठवला.

केबिलीत उतरल्यावर आम्ही वाटाड्याला विचारले, की ती ख्रिस्ती खेडी कोणती? तो भला माणूस बुचकळ्यात पडला. त्याने दोन दुकानदारांना विचारले. त्यांनी आपसांत चर्चा केली आणि आम्हाला फ्रेंचांच्या जुन्या छावणीची दिशा दाखवली. त्याआधीचे, आम्ही म्हणालो, फार आधीचे. त्यांनी मान हलवली. आमच्या बाकीच्या सोबत्यांना मत्माता येथील ती भूमिगत घरे गाठायची घाई होती, जेथे १९७६ मध्ये एका अमेरिकी चित्रपटाचे चित्रण झाले होते. दुकानदाराने कागदात बांधून दिलेले खजूर घेऊन आम्ही बसमध्ये चढलो.