घड्याळ कोणाचं?

माझ्या आजोबांच्या तोंडी 'मुंबई टाइम' हा शब्द कायम असायचा. शहराची स्वतःची वेगळी वेळ? लहानपणी मला ती थट्टाच वाटायची. पण होती ती.

१ जानेवारी १९०६ ला इंग्रज सरकारने देशाला एकच प्रमाणवेळ लावली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगार भडकले, कारण भोंगा आता तेवढा आधी होणार. महापालिकेनेही सरकारला न जुमानता जुनीच वेळ धरली, ती पुढे कित्येक दशकं. भांडण फक्त मिनिटांचं नव्हतं. आमची वेळ ठरवणारे तुम्ही कोण, असा सवाल होता.

 १९५५ साली इंग्लंडात टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचं पहिलं भरवशाचं अणुघड्याळ चालवलं. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलली. पृथ्वीची गती बाजूला पडली. सीझियम अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद.

मग जुना सवाल नव्या रूपात आला. जमिनीवर आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. पण अवकाशात? उपग्रहाचा सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून आपलं ठिकाण कळतं. तिथलं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ!

आपल्या 'नाविक' उपग्रहांसाठी ही घड्याळं बाहेरून विकत आणली होती. २०१३ ला सोडलेल्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही घड्याळं बंद पडली. उपग्रह ठणठणीत, पण दिशादर्शनाला निरुपयोगी. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये निघाला, तर रॉकेटचं उष्णतारोधक कवचच उघडलं नाही.

शेवटी २९ मे २०२३ ला 'एनव्हीएस-०१' गेला, आणि त्यात इस्रोने स्वतः बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ होतं. बातमी दोन दिवस चालली आणि विरली.

मला वाटतं, ती जास्त मोठी बातमी होती. रॉकेट उडताना सगळे टाळ्या वाजवतात. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत बसून घड्याळ अचूक करणाऱ्यांकडे कोण बघतं? पैसा देताना सरकारने आणि कौतुक करताना आपण, त्यांना विसरू नये. १९०६ मध्ये नुसता विरोध करून भागलं. आता घड्याळ आपलं हवं असेल, तर ते बनवताच आलं पाहिजे.

तुमच्या घरात कुणी 'मुंबई टाइम'च्या आठवणी सांगायचं का? जरूर लिहा.