मूत्रनलिकाजन्य संसर्गाचा प्रतिबंध : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : औंढा नागनाथ परिसर)

प्रस्तावना

प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, पक्षाघात, मणक्याची इजा किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मूत्राशयात नळी घालावी लागते. वैद्यकीय परिभाषेत तिला कॅथेटर, तर लोकभाषेत 'लघवीची नळी' म्हणतात. ही नळी रुग्णास दिलासा देते; परंतु जिवाणूंनाही शरीरात शिरण्याचा मार्ग मोकळा करते. नळी असेपर्यंत दररोज साधारणपणे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रात नव्याने जिवाणू आढळू लागतात. हा संसर्ग टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आणि औंढा नागनाथसारख्या ग्रामीण तालुक्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व प्रस्तुत लेखात मांडले आहे.

साधनाचा विकास

सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे वर्णन आहे. मूत्रमार्गाच्या एका विकारात लोखंड, लाकूड किंवा लाखेची, दोन्ही बाजूंनी उघडी नळी तूप लावून घालावी, असे तेथे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील नेलातों यांनी रबराची लवचीक नळी प्रचारात आणली. १९३० च्या दशकात अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी टोकाशी फुगा असलेली नळी विकसित केली. फुग्यामुळे नळी मूत्राशयात आपोआप टिकू लागली. ही सोयच पुढे धोक्याची ठरली. कारण जी नळी सहज टिकते, ती काढण्याचा विसरही सहज पडतो.

प्रतिबंधाचे टप्पे

प्रारंभी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडले जाई. या पद्धतीत चार दिवसांतच जवळजवळ सर्व रुग्णांचे मूत्र जिवाणूयुक्त होत असे. १९५८ मध्ये पॉल बीसन यांनी नळीच्या अनावश्यक वापराविरुद्ध गंभीर इशारा दिला. १९६६ मध्ये क्युनिन व मॅक्कॉर्मॅक यांनी नळी व पिशवी यांची जोडणी अखंड बंद ठेवल्यास संसर्ग लक्षणीयरीत्या कमी होतो, हे दाखवून दिले. १९७२ मध्ये लॅपिडेस यांनी नळी कायम न ठेवता ठरावीक वेळाने स्वच्छ हातांनी घालून काढण्याची पद्धती मांडली. २००९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंधासाठी सरसकट प्रतिजैविके देणे आणि मूत्राशय नियमितपणे धुणे या दोन्ही गोष्टी अनावश्यक ठरविल्या. नळीच्या आतील बाजूस जिवाणूंचा चिकट थर बसतो व औषध त्यात पुरेसे पोहोचत नाही, हे यामागील एक कारण होय. भारतात २०१५ पासूनचा 'कायाकल्प' उपक्रम व २०२० च्या राष्ट्रीय संसर्ग-प्रतिबंध मार्गदर्शक सूचना यांनी हा विषय शासकीय रुग्णालयांच्या कक्षेत आणला.

औंढा परिसराचा संदर्भ

नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे सर्वपरिचित असलेले औंढा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये टप्प्याटप्प्याने आली : औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये आणि नांदेड येथे १९८८ मध्ये. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. या क्रमामुळे मोठी शस्त्रक्रिया दूरच्या शहरात आणि नळीची देखभाल मात्र घरात, अशी स्थिती खेड्यातील रुग्णाच्या वाट्याला आली. मार्गदर्शक सूचना प्रामुख्याने रुग्णालयासाठी लिहिल्या गेल्या; घरी नळी सांभाळणारी सून, मुलगा किंवा पत्नी यांच्यापर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. एसटीतून परतताना पिशवी मांडीवर ठेवली, तर मूत्र उलट मूत्राशयाकडे वाहू शकते. पिशवी जमिनीवर टेकली, तर तिचे तोंड दूषित होते.

समारोप

प्रतिबंधाचा हा इतिहास नवी साधने वाढविण्यापेक्षा अनावश्यक गोष्टी वजा करण्याचा आहे. गरज नसेल तर नळी घालू नये, गरज संपताच ती काढावी, जोडणी उघडू नये, पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीच्या वर टांगावी, हाताळण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत, ताप वा वेदना नसताना केवळ मूत्रतपासणीत जिवाणू दिसले म्हणून सहसा प्रतिजैविके घेऊ नयेत. मात्र थंडी वाजून ताप आल्यास किंवा मूत्र अडल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस महागडे यंत्र लागत नाही. रुग्णास घरी पाठविताना नळी काढण्याची तारीख कागदावर लिहून देणे आणि ही माहिती घरच्यांना मराठीतून समजावून सांगणे, हा औंढ्यासारख्या तालुक्यात प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त व परिणामकारक मार्ग ठरू शकतो.