भंडाऱ्याची पहिली लोकसभा आणि एक नाकारलेला अर्ज

पहिल्या लोकसभेच्या एकाच मुदतीत, म्हणजे 1952 ते 1957 या काळात, आपल्या भंडारा मतदारसंघातून पाच सभासद दिल्लीस गेले, असे आजच्या तरुण मंडळींस सांगितले तर त्यांस नवल वाटते. जागा तर दोनच होत्या. मग पाच जण गेले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की शेवटी आपण एका अर्जापाशी येऊन थांबतो. तो अर्ज ज्या उमेदवाराचा, तो निवडून आला नाही. इतकेच नव्हे, त्याच्या नावाची पेटीसुद्धा मतदान केंद्रावर ठेवली गेली नाही. तथापि त्या निवडणुकीतील सर्वांत परिणामकारक कागद तोच ठरला.

त्या काळची परिस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता, राजधानी नागपूर होती आणि गोंदिया हे जिल्ह्यातलेच गाव होते. प्रौढ मताधिकाराची ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक असल्याने लोकसभेसाठी उभा राहणारा प्रत्येक जण एका अर्थी नवखाच होता. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते होती, मात्र दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी निराळी असे. (ही द्विसदस्य पद्धत 1961 च्या कायद्याने बंद झाली.)

काँग्रेसतर्फे सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनीही अर्ज भरला होता. ठवरे जन्माने महार, परंतु त्यांनी महानुभाव पंथाचा स्वीकार केला होता. पंथात गेलेला मनुष्य महार राहिला नाही, सबब राखीव जागेस तो पात्र नाही, अशी हरकत निघाली आणि निर्वाचन अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्ञाती म्हणजे काय, मनुष्य तीत केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हा प्रश्न आपल्यासारख्या संस्थांच्या बैठकांत पिढ्यान् पिढ्या चर्चिला गेलेला आहे. तोच प्रश्न येथे एका सरकारी टेबलावर, अर्जांच्या छाननीच्या घाईत निकालात निघाला. ठवरे यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना कोणी विचारले असते, तर उत्तर निराळे आले असते.

निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 1954 मध्ये त्याचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे आहे. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. या भागाची त्यांस चांगलीच माहिती असणार. जसानी यांच्याविषयीचा मुद्दा असा की, ते ज्या मुलजी सिक्का आणि कंपनीचे भागीदार होते, तिचा सैनिकांसाठी सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. आणि सरकारशी असा करार असणारा मनुष्य उमेदवारीस अपात्र ठरत असे. करार राष्ट्रपतींच्या नावाने, घटनेतील नमुन्याप्रमाणे झालेलाच नाही, हा बचाव टिकला नाही. जिल्ह्यात कोणाचे घर विडीच्या धंद्याशी जोडलेले नव्हते? त्यामुळे लोकांच्या बोलण्यात हाच भाग अधिक राहिला असल्यास आश्चर्य नाही. माझ्या मते मात्र ठवरे यांचा मुद्दा कितीतरी अधिक मोलाचा होता.

न्यायालयाने तीन गोष्टी पाहाव्यात असे ठरविले: जुन्या समाजाने त्या मनुष्याशी कसे वर्तन ठेवले, त्याचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात उपदेश केला तेव्हा त्यांचे जातीविषयीचे मत काहीही असो, पुढील काळात पंथात येऊनही आपले जातीचे आचार व संबंध राखणारे अनुयायी झाले आणि पंथाने ते चालू दिले, असे न्यायालयास आढळले. ठवरे यांनी विवाह महार मुलीशीच केला होता. समाजाने त्यांस दूर लोटले नव्हते, त्यांनीही समाज सोडला नव्हता. म्हणून ते महारच होत, त्यांचा अर्ज नाकारणे अयोग्य होते, आणि सबब संपूर्ण निवडणूक रद्द!

हा प्रश्न तेथे संपला असे कोणी समजू नये. अवघ्या अडीच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधी लोक त्यांच्यामागे गेले. महानुभाव हा हिंदूंतीलच पंथ मानला गेला, म्हणून ठवरे यांचे काम भागले. बौद्धांस 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाचा लाभ मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले.

आणि याच बाबासाहेबांना त्या रद्द निवडणुकीने भंडाऱ्यास आणले. 1952 साली मुंबईत नारायणराव काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला होता. ते राज्यसभेत होते. मे 1954 च्या पोटनिवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते राखीव जागेस उभे राहिले. सर्वसाधारण जागेस प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. आपल्या मतदारांनी दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे आपल्या उमेदवारास लाभ होईल, असा विचार काही कार्यकर्त्यांच्या मनात आला. परंतु बाबासाहेबांस तो मान्य झाला नाही, असे सांगतात. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष दुसरे काय सांगणार? मेहता विजयी झाले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. एवढ्या मोठ्या माणसास हरविणारा हा उमेदवार कोण, याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. बोरकरांचे नाव येते ते बहुधा बाबासाहेबांच्या चरित्रातील एका ओळीत.

बोरकरांस सभासदत्व फार काळ लाभले नाही. त्यांचे निधन झाले आणि 1955 मध्ये राखीव जागेसाठी भंडाऱ्यावर पुन्हा पोटनिवडणूक आली. चार वर्षांच्या आत मतदारांनी तिसऱ्यांदा रांग लावली. या वेळी काँग्रेसने त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर यांस उभे केले. पतीमागे पत्नीला उमेदवारी देणे हे सहानुभूतीचे राजकारण, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यात तथ्यही असते. परंतु सहानुभूती प्रचाराच्या सभेत उभे राहून बोलत नाही. ते काम उमेदवारालाच करावे लागते. अनुसयाबाई निवडून आल्या. या जिल्ह्यातून लोकसभेत गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.